घासून काढलेली जागा

दोन हजार तीन साली न्यूझीलंडमध्ये, माउंट रॉस्किलला मी ज्यांच्या घरात खोली घेऊन राहिले, ते हाडांचे डॉक्टर होते. मिरजेत पंधरा वर्षं त्यांनी लोकांची मोडलेली हाडं बसवली होती. इथे त्यांच्या डिग्रीला कुणी विचारेना, इथली परीक्षा दोनदा हुकली, आणि शेवटी ते आमच्याच हॉस्पिटलात प्लास्टर रूमचे टेक्निशियन म्हणून लागले. म्हणजे हाड दुसऱ्यानं बसवायचं आणि यांनी वरून ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या. मी तिथेच फ्रॅक्चर क्लिनिकला नर्स होते. बाकीचे त्यांना नावाची शेवटची दोन अक्षरं छाटून हाक मारत. मी डॉक्टर म्हणायचे आणि ते मला सिस्टर म्हणायचे, अगदी घरातसुद्धा. "सिस्टर, भात जास्त झालाय, उद्या डबा न्या," असं भिंतीपलीकडून ओरडायचे.

मी त्यांच्याविषयी लिहितेय ते त्यांच्या कौतुकासाठी, असं कुणाला वाटलं तर वाटू दे. खरं कारण वेगळं आहे आणि ते सांगायला मला ही एवढी वर्षं लागली.

पांढरं गोल काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. एखाद्या पोराच्या हाताला प्लास्टर घातलं, ते सुकलं, की खिशातून काळं मार्कर निघायचं. मनगटापासून सुरुवात. आधी नदी, नदीत दाढीवाला देव, मग होड्यांचा पूल, पुलावरून चाललेले शिपाई, आणि ती मिरवणूक हाताभोवती वेटोळी घेत घेत कोपरापर्यंत चढायची. पोरं हरखून जायची. रांगेत बसलेल्या आया घड्याळ बघायच्या, चार्ज नर्स दारात येऊन घसा खाकरायची, डॉक्टर ढिम्म. "वाचायचं तर हात फिरवावा लागतो," ते मला मराठीत समजवायचे, "म्हणजे खांदा आखडत नाही. फिजिओथेरपी फुकट." सहा आठवड्यांनी पोरगं प्लास्टर कापायला आलं की त्याला आधी गोष्ट म्हणून दाखवायला लावायचे. कुणी मधलं वेटोळं विसरलं तर रागवायचे. मग करवत शिपायांच्या मधोमध न जाता दोन झाडांच्या फटीतून जाईल अशी फिरवायची, आणि दोन्ही अर्ध्या नळ्या पिशवीत घालून पोराच्या हातात द्यायच्या.

ती गोष्ट रोमची. ट्रेजन नावाच्या राजानं डॅन्यूब नदीपलीकडच्या डेशियन लोकांशी दोन लढाया केल्या आणि त्यांची सगळी हकीकत एका संगमरवरी खांबाभोवती कोरून घेतली. शंभर फूट उंच खांब, तेवीस वेटोळी, अडीच हजारांवर माणसं. हे मला कसं पाठ झालं विचारू नका. रोज रात्री वरण-भाताबरोबर मी तेच जेवत होते.

त्यांना हे खूळ लागलं लंडनला. तरुणपणी तिथे परीक्षेला गेले होते, नापास झाले, आणि परतीच्या विमानाला दोन दिवस बाकी होते. बाहेर पाऊस, खिशात पैसे नाहीत. म्हणून एका फुकट म्युझियममध्ये शिरले. तिथे त्या खांबाची प्लास्टरची नक्कल ठेवलेली आहे. अख्खा खांब छतात मावेना म्हणून दोन तुकडे करून शेजारी शेजारी उभे केलेत. "सिस्टर, मी वर बघितलं आणि म्हटलं, अरे, हे तर आपलं काम. प्लास्टर. कुणीतरी वर चढून, ओलं प्लास्टर दाबून, एकेका शिपायाचं नाक उचलून आणलंय." दोन दिवस ते तिथेच बसून राहिले. नापास झाल्याचं घरी कळवायचंसुद्धा विसरले.

त्यांचा मुद्दा एकच होता आणि तो ते दिवसातून तीनदा मांडत. खाली उभ्या माणसाला त्या खांबावरचे पहिली तीन-चार वेटोळी कळतात. त्यावरचं काही दिसत नाही. आणि तरीही त्या कारागिरांनी वरच्या शिपायांच्या चपलांचे बंदसुद्धा कोरलेत. "वरचं कोण बघतंय?" असं ते मला विचारायचे. मग स्वतःच उत्तर द्यायचे, "कुणी नाही. म्हणून ते नीट करायचं." कपाटावरची धूळ पुसताना हेच, डाळीतले खडे निवडताना हेच, पेशंटच्या प्लास्टरखाली कापूस लावतानाही हेच. मी वैतागायचे. बारा तासांची ड्यूटी करून आलेल्या बाईला कपाटावरच्या धुळीत सम्राट नको असतो.

गॅरेजमध्ये गाडी कधी गेली नाही. गाडी पावसात आणि डॉक्टरांचे प्लास्टरचे पाट आत, फळीएवढ्या चपट्या लाद्या. हॉस्पिटलात तारीख उलटलेल्या प्लास्टर-पट्ट्यांचे खोके टाकून द्यायचे असत, ते चार्ज नर्सला विचारून घरी आणत. एका जाड पुस्तकातले फोटो समोर ठेवून, दंतवैद्याच्या हत्यारांनी ते त्या खांबावरची चित्रं पाटांवर उठवायचे. शनिवारी सकाळी गॅरेजचं दार वर करून, जंडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून, मांडीवर टॉवेल टाकून बसायचे. समोरच्या घरातले माओरी आजोबा रस्ता ओलांडून यायचे, "किया ओरा, डॉक," म्हणून एक स्टूल ओढायचे आणि तासभर न बोलता बघत बसायचे.

राजावर त्यांचा फार राग. "साठेक वेळा दिसतो हा गृहस्थ. भाषण करतोय, पाहणी करतोय, कैदी बघतोय. एकदा तरी हातात कुदळ? आपले क्लिनिकल डायरेक्टर डोळ्यांसमोर आणा." शिपायांवर मात्र जीव. त्या खांबावर लढाई कमी आणि बांधकाम जास्त, हे ते मला परत परत दाखवायचे. झाडं तोडतायत, भिंती रचतायत, पाणी आणतायत. आणि शिपायांतही दोन जाती. रोमन ते मागे उभे, आणि बाहेरच्या मुलखांतून भरती केलेले ते पुढे, मार खायला. "आपण हे पुढचे, सिस्टर. पंचवीस वर्षं नोकरी केली की यांना नागरिकत्व मिळायचं. आपल्याला जरा लवकर मिळतं, एवढंच." माझी रेसिडेन्सीची, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याची, कागदपत्रं तेव्हा अडकलेली. मला हसू आलं नाही, पण त्यांना आलं.

एक पाट त्यांनी सगळ्यात आधी केला होता आणि तो स्वयंपाकघरात गॅसच्या वर टांगला होता. लढाई चालू आहे, आणि कोपऱ्यात एक शिपाई जखमी होऊन बसलाय. दुसरा वाकून त्याच्या मांडीला पट्टी गुंडाळतोय. एवढ्या मोठ्या खांबावर पट्टी बांधणारा असा एकदाच दिसतो. "हा मी," डॉक्टर म्हणायचे. जुन्या इतिहासात एक गोष्ट आहे म्हणे, की त्या लढाईत पट्ट्या संपल्या तेव्हा राजानं अंगावरचे कपडे फाडून दिले. "ते तेवढं कोरलं नाही बघा. एकच बरं काम केलं त्यानं आणि तेच राहिलं."

एकदा मी पुस्तक चाळत होते. दुसऱ्याच कुठल्या तरी कमानीचा फोटो होता. राजा, राणी, आणि राणीच्या बाजूला नुसता गुळगुळीत दगड. मी म्हटलं, "इथलं तुटलंय का?"

"तुटलेलं नाही. तासलंय." त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. "तिथे त्यांचा धाकटा मुलगा होता. थोरल्यानं त्याला मारलं, आणि राज्यात जिथे जिथे त्याचं नाव, त्याचा चेहरा होता, तो घासून काढायला लावला. त्याचं नाव घेणंसुद्धा गुन्हा."

"बाई गं."

"पण उपयोग काय झाला? अठराशे वर्षं झाली, तुमचं बोट आधी कुठे गेलं?"

माझं बोट खरंच त्या रिकाम्या जागेवर होतं. मी ते उचललं आणि आम्ही दुसरं काहीतरी बोललो.

फ्रिजच्या दारावर किवी पक्ष्याच्या मॅग्नेटखाली एक पत्र लावलेलं होतं. ती लेखी ताकीद होती. एका रग्बीवाल्या माणसाच्या पायाला प्लास्टर घातल्यावर पाय सुजला, बोटं गार पडली, आणि डॉक्टरांनी कुणालाही न विचारता प्लास्टर उभं चिरलं. पाय वाचला. तो माणूस नंतर चॉकलेटचा डबा घेऊन आला होता. पण टेक्निशियननं स्वतः निर्णय घेतला, तो त्याच्या कामाच्या चौकटीत बसत नाही, पुन्हा झालं तर नोकरी जाईल, असं पत्रात लिहिलेलं होतं. "माझं न्यूझीलंडचं पहिलं सर्टिफिकेट," म्हणून ते पाहुण्यांना दाखवायचे. हसायचे. पण ते पत्र आल्यापासून प्लास्टर रूममध्ये त्यांचा आवाज खाली गेला होता, हे मी बघत होते.

पुढच्या वर्षी तिसऱ्या खेपेला ते लेखी परीक्षा पास झाले. आता फक्त मुलाखत आणि प्रत्यक्ष तपासणीची परीक्षा राहिली. बायको मुलीला घेऊन नाशिकला माहेरी परत गेली होती. टेक्निशियनची बायको म्हणून परदेशात राहणार नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं होतं. आता फोनवर तिचा आवाज बदलला. डॉक्टरांनी पडदे धुतले. मुलीच्या खोलीला पिवळा रंग दिला, तोही दोन हात, कपाटामागच्या भिंतीलासुद्धा.

आमच्या कोपऱ्यावर एक डेअरी होती. डेअरी म्हणजे इथे कोपऱ्यावरचं दुकान, दूध, पाव, वर्तमानपत्रं ठेवणारं. ते एक फिजी-इंडियन बाई चालवत होती, एकटीच. मी तिथे कधी जायचे नाही, दूध-पाव डॉक्टरच आणायचे. ती त्यांना "डाक्टर साब" म्हणायची, कारण एकदा तिच्या गुडघ्याला त्यांनी काउंटरवरून वाकून औषध सांगितलं होतं.

एका शुक्रवारी दुपारी ती आमच्या क्लिनिकमध्ये आली. दुकानात फरशी पुसताना घसरली होती, उजव्या हाताची दोन्ही हाडं मोडली होती. रजिस्ट्रार, म्हणजे शिकाऊ सर्जन, वयानं लहान आणि घाईत. त्यानं औषध देऊन हाड बसवलं, फोटो बघितला, म्हणाला, पूर्ण गोल प्लास्टर घाला, आणि ऑपरेशनला पळाला. डॉक्टर म्हणाले, सूज येईल, आज अर्धंच घालू का? तो दारातून म्हणाला, "फुल, प्लीज." डॉक्टरांनी फुल घातलं.

दोन तासांनी ती कण्हायला लागली. औषधाची गुंगी होती, डोळे मिटलेले, पण तोंडानं सारखं चालू होतं, डाक्टर साब, डाक्टर साब. तिची बोटं निळसर पडली होती. डॉक्टरांनी तिचं मधलं बोट अलगद सरळ केलं आणि ती किंचाळली. माझं काम चालूच होतं, पण मला ते कळलं. नर्सला कळतं. प्लास्टरच्या आत स्नायू गुदमरायला लागला की बोट सरळ करताना असा आवाज येतो. डॉक्टरांनी भिंतीवरचा फोन उचलला. रजिस्ट्रार ऑपरेशनमध्ये होता, दुसऱ्यानं निरोप सांगितला. हात उंच ठेवा, दुखायची गोळी द्या, सोमवारी बघू. डॉक्टर म्हणाले, मला हे आवडत नाहीये, त्यांना स्वतः यायला सांगा. तिकडून फोन ठेवला गेला. वायर लोंबत राहिली.

त्यांनी प्लास्टर कापायची मोठी कात्री घेतली.

मी त्यांच्या मागे उभी होते. मी त्यांचं कोपर धरलं. मी म्हटलं, "डॉक्टर, नको. तीन आठवड्यांवर मुलाखत आहे. फ्रिजवरचं पत्र विसरलात? तुमचं काम प्लास्टर घालायचं. त्यांनी सांगितलंय ना सोमवारी, मग सोमवारी. आपण बाहेरची माणसं आहोत, आपण कशाला पुढे व्हायचं?"

मी कोपर सोडलं नाही. मी आणखी एक वाक्य बोलले, ते मला रोज आठवतं. मी म्हटलं, "माझेही पेपर अडकलेत हो."

त्यांनी कात्री खाली केली.

आम्ही तिचा हात उशीवर बांधला, गोळ्या दिल्या आणि तिला टॅक्सीत बसवलं. रविवारी पहाटे तिला परत आणलं तेव्हा उशीर झाला होता. हात राहिला, पण आतला स्नायू मेला. बोटं मुठीसारखी आत वळली आणि तशीच राहिली. पाव उचलता येत नाही, भांग पाडता येत नाही. उजवा हात तिचा.

चौकशी बसली. प्रत्येकाकडून लेखी जबाब मागवले. मला कुणी धमकावलं नव्हतं, कुणी सुचवलं नव्हतं, कुणी समोर बसलंसुद्धा नव्हतं. मी माझ्या खोलीत, माझ्या पेननं लिहिलं की त्या वेळी मी चहाच्या सुट्टीवर होते, प्लास्टर रूममध्ये नव्हते. मनाशी म्हटलं, आपण कुठे कुणाचं वाईट केलं, आपण फक्त तिथे नव्हतो. किती सोपं होतं ते. अर्धं पानसुद्धा लागलं नाही.

त्या बाईनं जबाबात सांगितलं की खोलीत एका बाईचा आवाज होता, आपल्यासारखी भाषा बोलत होती. तिच्या जबाबाखाली चौकशीवाल्यांनी लिहिलं की औषधाच्या गुंगीमुळे पेशंटची आठवण भरवशाची नाही.

डॉक्टरांना आत बोलावलं, त्याआधी सगळे जबाब त्यांना वाचायला दिले होते. माझाही. त्यांना विचारलं, प्लास्टर चिरावं असं तुमच्या मनात आलं होतं का? ते म्हणाले, आलं होतं. मग का चिरलं नाही? म्हणाले, चिरलं नाही. तुम्हाला कुणी अडवलं का, खोलीत आणखी कुणी होतं का? म्हणाले, कुणी नाही.

हे मला नंतर चार्ज नर्सकडून कळलं. त्या संध्याकाळी मी घरी जायला घाबरत होते. बसस्टॉपवर तीन बस सोडल्या. घरात शिरले तर ते गॅससमोर उभे होते, त्या पट्टी बांधणाऱ्या शिपायाच्या पाटाखाली. वळून म्हणाले, "भात झालाय, सिस्टर." मी ताट घेतलं. ते रागावले असते, ताट फेकलं असतं, निघ माझ्या घरातून म्हणाले असते, तर मी वाचले असते. त्यांनी मला लोणचं वाढलं.

रजिस्ट्रारला पुन्हा ट्रेनिंग दिलं. डॉक्टरांना राजीनामा द्यायला सांगितलं. मुलाखतीला ते गेलेच नाहीत. सूट इस्त्री करून दाराला टांगलेला होता, तो महिनाभर तसाच. नाशिकचे फोन कमी झाले, मग थांबले. पिवळ्या खोलीत त्यांनी सायकलचं सामान ठेवलं.

आणि दूध सुरू झालं. त्याच आठवड्यापासून ते रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या डेअरीत जायचे आणि दोन लिटर दूध घेऊन यायचे. दोन माणसांना कितीसं दूध लागतं? फ्रिजमध्ये बाटल्या उभ्या, आडव्या, भाजीच्या ट्रेमध्ये. मी पनीर केलं, खीर केली, बासुंदी आटवली, क्लिनिकमध्ये वाटली. शेवटी सिंकमध्ये ओतायला लागले. एकदा म्हटलं, "डॉक्टर, एवढं कशाला आणता?" म्हणाले, "लागतं." मी पुन्हा विचारलं नाही. ती बाई आता डाव्या हातानं बाटली सरकवत असणार, हे मला कळत होतं. त्यांना रोज ते बघायचं होतं. मी मात्र कामावरून येताना त्या कोपऱ्याला वळसा घालून मागच्या गल्लीनं यायचे.

माझी रेसिडेन्सी आली. ज्या दिवशी पत्र आलं त्या दिवशी डॉक्टरांनी शिरा केला, दूध घालून. सहा महिन्यांत माझं लग्न झालं आणि आम्ही खाडीवरच्या पुलापलीकडे, अल्बनीला नव्या घरात गेलो. सामान गाडीत चढवायला ते आले होते. म्हणाले, "कपाटावरची धूळ पुसत जा." बस्, एवढंच.

नंतर ते भिंतींच्या कामाला लागले. इथली घरं लाकडाच्या सांगाड्यावर प्लास्टरच्या फळ्या ठोकून उभी करतात. मग फळ्यांचे सांधे प्लास्टरनं भरून, सुकले की घासून, असे गुळगुळीत करायचे की सांधा कुठे होता ते समजू नये. त्यांच्याइतका सफाईदार हात कुणाचा नव्हता म्हणे. अल्बनीतल्या नव्या वसाहतीत त्यांनी कित्येक घरं केली. मी एकदा मॉलमध्ये त्यांना बघितलं, केसांत पांढरी पूड, हातात सँडविच. पोरंबाळं घेऊन लोक जात होते. मी एका दुकानात शिरले आणि ते जाईपर्यंत तिथे पडदे बघत राहिले. अशी मी.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात ते गेले. एका अर्धवट घरात शिडीवरून उतरून खाली बसले आणि उठलेच नाहीत. ते छताजवळचा सांधा घासत होते, असं तिथल्या सुतारानं मला सांगितलं. म्हणाला, आम्ही त्यांना म्हणायचो, मेट, तिथे वर कोण बघणार आहे. मी त्याला ते काय उत्तर द्यायचे हे विचारलं नाही. मला माहीत होतं.

डॉक्टरांच्या बायकोनं नाशिकहून फोन केला, म्हणाली, मी येऊ शकत नाही, तुम्ही त्यांच्या जवळच्या होतात, तेवढं घर रिकामं करून द्याल का? जवळच्या. मी हो म्हटलं.

गॅरेजमध्ये पाट जुन्या चादरींत गुंडाळून, खडूनं नंबर घालून ओळीनं उभे केले होते. समोरचे आजोबा आले, स्टूल ओढून बसले. शेवटच्या पाटावर नंबर नव्हता. चादरीवर इंग्रजीत लिहिलं होतं, डेअरीवाल्या बाईला द्यावे.

मी चादर सोडली. हा पाट त्या खांबावरचा नव्हता. ती आमची प्लास्टर रूम होती. मधोमध एक बाई बसलेली, हात मांडीवर, तोंड उघडं. दारातून बाहेर पडणारी एका तरुण माणसाची पाठ. भिंतीवर फोन, त्याची लोंबणारी वायर, वायरीचे वेढेसुद्धा एकेक काढलेले. आणि बाईसमोर वाकलेला एक माणूस, हातातली कात्री खाली झुकलेली. त्याच्या मागे माणसाएवढ्या उंचीची एक जागा गुळगुळीत घासलेली होती. इतकी सफाईनं की तिथे काही होतं असं वाटूच नये. पण त्या माणसाच्या कोपरावर चार बोटं राहिली होती.

प्लास्टरमध्ये डॉक्टरांच्या हातून काही चुकून राहत नसे.

मी तिथेच फरशीवर बसले. मला वाचवायला त्यांनी मला पुसलं होतं, का मला शिक्षा द्यायला, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. मी लिहून दिलं होतं की मी तिथे नव्हते. त्यांनी माझा जबाब कोरला होता, जसाच्या तसा. मला एकदा वाटलं की हातोडी घ्यावी आणि त्या बोटांवर घालावी. आजोबा माझ्याकडे बघत होते. मी चादर परत गुंडाळली.

तीन दिवस तो पाट माझ्या गाडीच्या डिकीत होता. चौथ्या दिवशी मी गेले. गाडीत अल्बनी ते माउंट रॉस्किल मी वाक्य घोकत होते. मी तिथे होते. मीच त्यांचं कोपर धरलं. तुमचा हात माझ्यामुळे गेला. हिंदीत म्हणून बघितलं, इंग्रजीत म्हणून बघितलं. आज सांगायचं, काहीही होऊ दे, नोकरी जाऊ दे.

ती काउंटरमागे होती. तिचा उजवा हात ओढणीखाली. मी पाट काउंटरवर ठेवला, म्हटलं, डॉक्टर गेले, त्यांनी हे तुमच्यासाठी ठेवलंय. तिनं डाव्या हातानं चादर सोडली. मग म्हणाली, "ऊ रोज आवत रहा. चार साल. कुछ बोलत नहीं रहा, खाली दूध लेत रहा. हम सोचा, एक दिन बोली." एक दिवस ते बोलतील म्हणून ती वाट बघत होती. ती रागात नव्हती. नुसती थकलेली होती.

मग तिनं तो हात ओढणीतून बाहेर काढला. आत वळलेल्या बोटांच्या पेरांनी तिनं पाट चाचपला. फोन, वायर, स्वतःचं उघडं तोंड. कोपराशी येऊन ती थांबली. त्या चार बोटांवरून पेर फिरवलं, मग शेजारच्या गुळगुळीत जागेवर ठेवलं.

"हियाँ कौन रहा?"

वाक्य माझ्या तोंडात होतं. अल्बनीपासून घोकलेलं. मी म्हटलं, "कोई नहीं."

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटतं तिनं आवाज ओळखला. की नाही ओळखला, कोण जाणे. तिनं हात परत ओढणीत घेतला आणि विचारलं, "और कुछ?"

मी म्हटलं, दूध. तिनं डाव्या हातानं दोन लिटरची बाटली सरकवली.

तेव्हापासून मी दर शनिवारी तिथे जाते. नवरा म्हणतो, अल्बनीत दूध मिळत नाही का, पूल ओलांडून कशाला जातेस? मी म्हणते, लागतं. पाट काउंटरमागच्या फळीवर उभा आहे, माझ्या बरोब्बर समोर. आमच्या घरी दूध फारसं कुणी पीत नाही.